नेत्रशिबिराचा निरोप आजीपर्यंत कसा पोचवायचा?

आमची संस्था बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मोफत नेत्रतपासणी करते. फेसबुकवर पोस्टर टाकलं की लाइक येतात पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांचे. मोतीबिंदू झालेल्या आजीला पत्ताच नसतो! व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टही (एकच निरोप एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) बऱ्याच जणांना मिळत नाही. काय करू?

उत्तर: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट जातो, तोही एका यादीत २५६ जणांना. आशाताईंना आधी नंबर सेव्ह करायला लावा.

उत्तर: निपाणीत विडी कामगार बायकांसाठी आम्ही पोस्टर सोडूनच दिलं. अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज, एक मराठीत, एक कन्नडात. हात विड्या वळण्यात गुंतलेले, कान मोकळे. फार उपयोग होतो, ताई.

उत्तर: कणकुंबीकडच्या वाड्यांत रेंजचा भरवसा नाही. तिथं देवळाच्या भोंग्यावरूनच सांगा. तारीख आणि बसची वेळ दोनदा.