प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पाया कसा पक्का करायचा? क्रिटिकल पाथ, फ्लोट डोक्यात बसत नाहीये

केळीपट्टा:
राम राम मंडळी. मी जळगावला एमबीए फर्स्ट इयरला आहे, आधी बीएस्सी ॲग्री केलंय. या सेमला प्रोजेक्ट मॅनेजमेंट आहे, गॅन्ट चार्ट (कामांच्या तारखांच्या आडव्या पट्ट्या) समजला पण नेटवर्क डायग्राम (कोणत्या कामानंतर कोणतं काम ते दाखवणारी आकृती) आला की फॉरवर्ड पास, बॅकवर्ड पास करून उत्तर येतं आणि त्या उत्तराचा अर्थ काय तेच कळत नाही. सीपीएम (क्रिटिकल पाथ मेथड) आणि पर्ट या वेळ काढायच्या दोन पद्धती वेगवेगळ्या कशाला शिकवतात? एमएस प्रोजेक्ट आधी शिकू का? आणि सीएपीएम या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सुरुवातीच्या सर्टिफिकेटची परीक्षा शिकताना देता येते का?

भुसावळ_साइट:
भाऊ, सॉफ्टवेअर नंतर. आधी कागदावर कर आणि तुला माहीत असलेलं काम घेऊन कर. तू ॲग्रीचा, तर ठिबकच घे ना. सर्व्हे-डिझाइन 3 दिवस. ते झालं की तीन कामं सोबत सुरू: पाइप-नळ्यांचा माल यायला 7 दिवस, चाऱ्या खोदायला 4, फिल्टरचा ओटा बांधायला 4. माल आला आणि चाऱ्या झाल्या की मेन-सबमेन (मोठे पाइप) टाकायला 2, मग लॅटरल (ठिबकच्या बारीक नळ्या) पसरायला 3. ओटा झाला की त्यावर फिल्टर बसवायला 1. शेवटी सगळ्याचं टेस्टिंग 1.

आता सगळ्यात लांबचा रस्ता बघ, 3+7+2+3+1 = 16 दिवस. हा तुझा क्रिटिकल पाथ. चाऱ्या 7व्या दिवशी संपतात पण मेन टाकायचं काम माल आल्याशिवाय म्हणजे 10 दिवस गेल्याशिवाय सुरूच होत नाही, म्हणून चाऱ्यांना 3 दिवस फ्लोट, म्हणजे तेवढं थांबलं तरी शेवटची तारीख हलत नाही. जेसीबी दोन दिवस उशिरा आला तरी चालतं, माल एक दिवस लेट झाला की सगळं काम एक दिवस लेट. फॉरवर्ड पास म्हणजे सुरुवातीपासून दिवस जोडत पुढे जायचं. बॅकवर्ड पास म्हणजे एवढंच, शेवटाकडून मागे येत कोणतं काम किती थांबू शकतं ते बघायचं.

सीपीएम 1957 च्या सुमारास ड्यूपाँट या केमिकल कंपनीत तयार झालं. तिथली प्लँटची कामं आधी केलेली असायची, दिवस माहीत असायचे. पर्ट 1958 मध्ये अमेरिकन नेव्हीने पोलारिस मिसाइलसाठी काढलं, ते काम आधी कोणी केलेलंच नव्हतं, म्हणून त्यात एका कामाला तीन अंदाज. माल लवकरात लवकर 4 दिवसात, बहुतेक वेळा 7, फार अडकला तर 16, मग (4 + 4×7 + 16) ÷ 6 = 8. बघ, 7 चे 8 झाले, कारण उशीर व्हायला जागा जास्त आहे.

आणि एक गोष्ट जी पेपरात कमी येते पण साइटवर रोज येते. आम्ही प्लँटच्या शटडाऊनची कामं करतो. दोन कामांना भरपूर फ्लोट असतो पण हायड्रा (माल उचलायची क्रेन) एकच असते, आणि नेटवर्कला ते दिसत नाही. मशीन आणि माणसं किती ते डायग्रामच्या बाजूला लिहायची सवय आत्ताच लाव.

धुळेकर_ताई:
वरचं सगळं बरोबर, पण दादा, तुम्ही डायग्रामपासून सुरू केलं, माझ्या मते त्याच्याही आधी डब्ल्यूबीएस हवा, म्हणजे प्रोजेक्टमध्ये कोणकोणती कामं येतात त्याची फोड. विहिरीवरची मोटर बदलायचीय का? ती या कामात धरली की नाही? खताची टाकी? हे आधी ठरलं नाही तर 16 दिवसांचा हिशोब अर्ध्या कामाचाच होतो. मी पुण्यात आयटीत आहे, प्रोजेक्ट लांबतात ते बहुतेक इथेच, मधेच कोणीतरी म्हणतं "हे पण करून द्या" आणि तारीख तीच राहते.

सीएपीएम देता येते. बारावीपर्यंतचं शिक्षण आणि या विषयाचे 23 तास शिकलेले लागतात, कॉलेजचा कोर्स त्यात धरता येतो. 150 प्रश्न, 3 तास. पीएमपी या वरच्या सर्टिफिकेटला मात्र डिग्रीनंतरही 36 महिन्यांचा अनुभव लागतो, तो नाद आत्ता नको. फी बरीच आहे, आधी स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स फुकटात बघून घे.

केळीपट्टा:
भारी समजलं, खरंच धन्यवाद दोघांना. मी बसून काढलं, ओटा आणि फिल्टर दोघांना 7-7 दिवस फ्लोट येतोय. म्हणजे एकूण 14 दिवस मोकळे का?

भुसावळ_साइट:
नाही भो, इथंच पोरं मार्क घालवतात. ते 7 दिवस दोघांत मिळून आहेत. ओट्यावाल्याने सातही खाल्ले तर फिल्टर बसवणाऱ्याकडे शून्य. म्हणून टोटल फ्लोट (शेवटची तारीख न हलवता किती थांबता येतं) दोघांचा 7, पण फ्री फ्लोट (पुढच्या कामालाही उशीर न करता किती थांबता येतं) ओट्याचा 0 आणि फिल्टरचा 7. आता माल 8 दिवस धरून परत काढ आणि चाऱ्यांचा फ्लोट किती झाला ते इथंच टाक.