मदत हवी आहे: १९३७ सालचं पोपचं पत्र मराठीत मिळेल का?

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. आमच्या वाचनमंडळात पुढच्या महिन्यात 'हुकूमशाही आणि वर्तमानपत्रं' या विषयावर मला बोलायचंय. मी कॅथलिक नाही, पण वाचता वाचता पोप अकरावे पायस यांच्या, नाझी राजवटीवर टीका करणाऱ्या पत्रापाशी अडकलो. 'मिट ब्रेनेंडर झोर्ग' (म्हणजे 'ज्वलंत चिंतेने'), नेहमीच्या लॅटिनऐवजी थेट जर्मनमध्ये लिहिलेलं. नाझींच्या ताब्यातली छापील माध्यमं टाळून ते गुपचूप छापलं, वाटलं आणि २१ मार्च १९३७ ला, झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार), जर्मनीतल्या चर्चमधून वाचून दाखवलं. रेडिओ-पेपर सगळे सरकारचे, तेव्हा व्यासपीठच माध्यम झालं! मला हे फारच भारी वाटलं.

गंमत म्हणजे 'प्रोपगंडा' हा शब्दही चर्चचाच. १६२२ साली धर्मप्रसारासाठी नेमलेल्या रोममधल्या मंडळाच्या नावातून आलेला. सभेत कुणीतरी हे नक्की काढणार.

तर या पत्राचा, किंवा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (कॅथलिक बिशपांची जागतिक सभा) १९६३ च्या माध्यमांवरील आदेशाचा ('इंटर मिरिफिका') मराठी अनुवाद कुणी पाहिलाय का? वसईकरांनो, तुमच्याकडच्या 'सुवार्ता' या ख्रिस्ती मासिकाच्या जुन्या अंकांत काही असेल? आणि 'प्रोपगंडा'ला 'अपप्रचार' म्हणू की नुसतं 'प्रचार'? इथे हिंदीत 'दुष्प्रचार' चालतं, पण आमच्या काकूंना ते खटकतं.