मदत हवी आहे: चिऱ्याच्या घराला चुन्याचा गिलावा करणारे गवंडी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचं पणजोबांच्या वेळचं घर आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या (कापलेल्या दगडांच्या) भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे गोठा. समुद्र अगदी जवळ. मधल्या काळात बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला आणि तेव्हापासून भिंती आजारीच आहेत. जांभा सच्छिद्र, पावसात पाणी पितो आणि मग वाळतो. सिमेंटने वाळायची वाटच बंद केली. जोत्यापासून कमरेइतका पांढरा खार फुटलाय. बोट फिरवलं तर पिठासारखा हाताला येतो, आणि मागोमाग चिऱ्याचा लाल भुगा.

ठेकेदार म्हणतात, पाडा आणि स्लॅब टाका. ते मला अजिबात पटत नाही. फणसाचे वासे अजून ठणठणीत आहेत. कौलांवर मंगलोरच्या बासेल मिशन कौल कारखान्याचा १८६५ चा शिक्का आहे (ते कारखान्याचं स्थापनेचं साल, कौलांचं नव्हे), तशी कौलं आता कुठून आणणार?

सिमेंट काढताना चिरे फुटू नयेत म्हणून काय करावं? नवा चुन्याचा गिलावा चढवण्याआधी भिंत किती महिने उघडी ठेवावी? तळकोकणात चुना मुरवून काम करणारे गवंडी कोणाला माहीत आहेत का?

गोठ्याची मला पाहुण्यांसाठी खोली करायची आहे, जोतं न वाढवता. तिथे गुरांच्या मुतामुळे खार जास्तच आहे. सीआरझेडमध्ये (किनाऱ्यालगतच्या, बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात) अशी दुरुस्ती केलेल्यांनी परवानगीसाठी आधी कुठे अर्ज केला, तेही कृपया सांगा. पावसाआधी निदान कौलं उतरवून चाळून (फुटकी काढून पुन्हा नीट लावून) घ्यायची आहेत.