गाडीला 'भाव' असतो की 'किंमत'? आणि मॉडर्न क्लासिकला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ
मंडळी, एक अडलंय. दिवाळी अंकासाठी एक लेख करतोय, विषय दुर्मिळ स्पोर्ट्स कुपे (दोन दारांच्या, उतरत्या छताच्या) गाड्या, ज्यांना इंग्रजीत 'मॉडर्न क्लासिक' म्हणतात, म्हणजे फार जुन्या नाहीत, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या, आणि त्या आता इतक्या का चढल्यात. मुख्य उदाहरण बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ सीएसएल (ई४६ ही त्या मॉडेलची पिढी, एम३ तिची वेगवान आवृत्ती आणि सीएसएल त्या एम३ची मुद्दाम हलकी केलेली). २००३-०४ मध्ये १,३८३ च बनल्या, छत कार्बन फायबरचं, नेहमीच्या एम३ पेक्षा शंभरावर किलोंनी हलकी. इंग्लंडात नवी ५८ हजार पौंडांच्या वर होती, मग काही वर्षांत निम्म्यावर आली आणि आता नीट जपलेली असेल तर नव्या किमतीच्याही कितीतरी पुढे जाते. मी लिहिलं 'सीएसएलचा बाजारभाव'. बाबांनी वाचलं, त्यांचं चाळीस वर्षं किराणा दुकान होतं, म्हणाले अरे भाव कांद्याला असतो, गाडीला किंमत असते. म्हटलं सोन्यालाही भाव असतोच की, तर म्हणाले सोनं तोळ्यावर विकतात, गाडी तोळ्यावर देतात का? मला उत्तर सुचलं नाही. शिवाय 'मॉडर्न क्लासिक'ला 'आधुनिक अभिजात' केलंय तेही कानाला खटकतंय.

मार्केटयार्ड
तुमचे बाबा शंभर टक्के बरोबर आहेत. आमच्याकडे कोल्हापुरात गुळाचे सौदे व्हायचे, आजोबा सांगायचे रुमालाखाली हात धरून बोटं दाबून भाव ठरायचा, पण तो भाव त्या प्रतीच्या सगळ्या ढेपांचा. कुणी 'या ढेपेचा भाव काय' असं विचारायचं नाही. भाव म्हणजे दर. एकसारख्या मालाचा असतो.

जुनापूल
पटत नाही. लोक सर्रास म्हणतात 'जुन्या बुलेटला भाव आलाय', 'त्या एरियात फ्लॅटचे भाव वाढले'. फ्लॅट काय तोळ्यावर विकतात? 'भाव उतरला', 'भाव चढला', 'भाव मिळाला', इतकी क्रियापदं ज्या शब्दाला लागतात तो सोडून 'बाजारमूल्य' हा सरकारी शब्द घ्यायचा काही कारण नाही. बोलतात ती मराठी.

मार्केटयार्ड
फ्लॅट चौरस फुटावर विकतात हो! म्हणूनच भाव.

सायलेन्सर
मी ई४६ जवळून बघितलीये, बर्मिंगहॅममध्ये नऊ वर्षं राहतो आणि सीएसएल नाही पण साधी एम३ माझ्याकडे होती, म्हणून दोघांच्या मधलं सांगतो. साध्या ई४६ एम३ जवळपास ८५ हजार बनल्या. तिचा खरंच भाव असतो, अमुक साल, अमुक मायलेज, मॅन्युअल गिअरबॉक्स, की आकडा साधारण कुणीही सांगतो. सीएसएलचं तसं नाही, विकायलाच वर्षात मोजक्या येतात आणि प्रत्येकीची कथा वेगळी. या गाड्यांचा मागच्या सबफ्रेमजवळचा (मागची चाकं धरणाऱ्या सांगाड्याजवळचा) पत्रा तडकतो, तो दुरुस्त केलाय का, कसा केलाय, कागद आहेत का. सीएसएल फक्त एसएमजी गिअरबॉक्समध्येच आली (क्लचचं पेडल नाही, क्लच यंत्रच दाबतं), काहींनी ती काढून मॅन्युअल बसवली, चालवायला कदाचित जास्त मजा येते पण ओरिजिनल राहिली नाही म्हणून घेणारा हात आखडतो. तर अशा गाडीचा 'भाव' कुठून काढणार? तिची ती किंमत, त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या माणसाने दिलेली. म्हणून साध्या एम३ ला भाव आणि सीएसएलला किंमत, असं माझं मत.

कृष्णाकाठ
हे भारी आहे सायलेन्सर, हे लेखातच घेतो. पण मग किंमतीचे जे गाइड निघतात, हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपनीचं वगैरे, त्यात गाडीच्या अवस्थेप्रमाणे चार पायऱ्या असतात, एक नंबर म्हणजे प्रदर्शनात ठेवण्याजोगी आणि चार नंबर म्हणजे चालू आहे पण दोष दिसतात अशी. त्या आकड्यांना काय म्हणू? तो तर भावच झाला ना, प्रतवारीप्रमाणे?

मार्केटयार्ड
प्रतवारी आली की भाव आला. बरोबर.

सायलेन्सर
नाही, ते मूल्यांकन. माझा अनुभव ऐका, माझ्या एम३ ला मागून ठोकलं, गाडी टोटल लॉस. साधा विमा होता. विमेवाल्यांनी 'मार्केट व्हॅल्यू' म्हणून जो आकडा दिला तो बारा वर्षांची कुठलीही सेडान असावी तसा, घसारा लावून. मी जाहिराती गोळा करून पाठवल्या, तर उत्तर आलं की जाहिरातीतली किंमत ही मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे. चार महिने पत्रव्यवहार करून थोडं वाढवून मिळालं, पण त्या पैशात तशी गाडी मला पुन्हा मिळाली नाही. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, अशी गाडी असेल तर 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'चा विमा घ्या, आधी फोटो आणि कागद बघून आकडा ठरवून लिहून देतात. त्याला मी घरी 'ठरीव किंमत' म्हणतो. मागितलेली, मिळालेली, ठरलेली, या तिन्हीला इंग्रजीत व्हॅल्यू किंवा प्राइस लावून मोकळे होतात, मराठीत तरी वेगळं ठेवा.

ओवी
'ठरीव' किती छान शब्द आहे, हल्ली ऐकूच येत नाही. दादा, गाडीचं वाईट वाटलं.
माझं म्हणणं, या सगळ्यात 'मोल' कुणी आठवलंच नाही. मूल्यचंच तद्भव, पण कवडीमोल, अनमोल, हौसेला मोल नाही, यात जो अर्थ आहे तो किमतीत नाही. किंमत तर अरबीतून फारसीमार्गे आलेली. दुर्मिळ गाडीचं 'बाजारातलं मोल' लिहा.

जुनापूल
मोल म्हटलं की मला मोलमजुरी आठवते, मोलकरीण आठवते. आणि शब्द अरबी आहे म्हणून कमी कसा? शिवाजी महाराजांच्या काळातल्या पत्रांत फारसी शब्द किती आहेत बघा.

ओवी
कमी म्हटलं नाहीये मी, कुठून आला एवढंच सांगितलं. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही महाराजांनीच करवून घेतला होता, हेही लक्षात असू द्या.

अनुस्वार
शुद्धतेचाच विषय निघालाय तर 'दुर्मिळ' आधी काढा. दुर् हा संस्कृत उपसर्ग आणि मिळ मराठी धातू, असा जोड कसा चालेल? दुर्लभ लिहावं.

जुनापूल
दुर्लभ गाडी?? दुर्लभ दर्शन असतं, दुर्लभ योग असतो. नाणी, पुस्तकं, गाड्या दुर्मिळच. मराठीने स्वतःच्या गरजेला घडवलेला शब्द आहे तो, अभिमान बाळगायला हवा.

आल्प्सपल्याड
म्युनिकहून लिहितेय. मॉडर्न क्लासिकबद्दल सांगते, इकडे जुन्या गाडीला जर्मन लोक 'ओल्डटाइमर' म्हणतात, तीस वर्षं झाली आणि गाडी मूळ अवस्थेत असली की नंबरप्लेटच्या शेवटी एच मिळतो. आणि वीस ते तीसच्या मधल्यांना 'यंगटाइमर'! इंग्रजांना तो शब्द माहीत नाही, जर्मनांनी इंग्रजी तुकडे घेऊन आपला केला. जपानी लोकही 'निओ क्लासिक' म्हणतात असं वाचलंय. मग आपण 'आधुनिक अभिजात' असलं अवघड कशाला? माझ्या सासूबाई वाईच्या, त्यांना शेजाऱ्यांची गाडी दाखवून यंगटाइमर समजावून सांगितलं तर पटकन म्हणाल्या, 'म्हणजे पिकत आलेली.'

कृष्णाकाठ
पिकत आलेली! वा.

अनुस्वार
'अभिजात' म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला त्यात दीड-दोन हजार वर्षांच्या प्राचीनतेचा निकष होता. वीस वर्षांच्या मोटारीला तोच शब्द लावू नये असं मनापासून वाटतं.

ओवी
पण 'क्लासिक'चं मूळ बघितलं तर तिथे जन्म नाहीच, रोमन शिरगणतीत मालमत्तेवरून नागरिकांचे वर्ग पाडायचे, त्यातल्या सगळ्यात वरच्या वर्गातला तो क्लासिकस. म्हणजे मुळात पैशाचाच शब्द आहे. भावाच्या चर्चेत उलट तोच जास्त बसतो.

सायलेन्सर
आणि वय तर कायदाही ठरवतो. भारतात २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज', नंबरात व्हीए येतो. अमेरिकेत परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की तिथल्या सुरक्षा नियमांतून सुटते आणि आयात करता येते. निस्सान स्कायलाइन आर३४ जीटी-आर १९९९ ला आली, म्हणजे पहिल्या गाड्या २०२४ मध्ये मोकळ्या झाल्या, आणि त्या तारखेवर डोळा ठेवून जपानमध्ये आधीपासूनच लोक घेऊन ठेवत होते. गाडी तीच, तारीख बदलली की किंमत बदलते.

मार्केटयार्ड
कांद्यासारखंच. निर्यात उघडली की भाव चढतो.

जुनापूल
बघा, आता तुम्हीच गाडीला भाव लावलात.

मार्केटयार्ड
मी कांद्याला लावला.

कृष्णाकाठ
लेख उद्या द्यायचाय. सध्या असं ठेवतोय: साध्या एम३ चा 'भाव', सीएसएलची 'किंमत', गाइडमधलं ते 'मूल्यांकन', आणि मॉडर्न क्लासिक तसंच. शीर्षकात 'पिकत आलेल्या गाड्या' टाकू का?

रूळ
उशिरा आलो, पण 'कुपे' लिहिताय ते ऱ्हस्व कु का? मूळ फ्रेंच, कापलेली म्हणजे आखूड केलेली घोडागाडी, उच्चार कूपे असा दीर्घ. अमेरिकन तर 'कूप' म्हणतात.

ओवी
रेल्वेतला कुपे आपण ऱ्हस्वच म्हणतो की. लहानपणी वडिलांच्या पासवर फर्स्ट क्लासने मिरजेहून जायचो तेव्हा तिकीट तपासनीस आईला म्हणाले होते, ताई तुम्हाला कुपे मिळालाय, दोघांपुरता.

रूळ
दोघांपुरता तो कुपे, चौघांचा तो केबिन, बरोबर. पण डब्याबाहेर चिकटवलेल्या तक्त्यावर मी दीर्घच वाचल्याचं आठवतंय. कुणाकडे जुना फोटो आहे का?