काळविटाचे चित्र काढण्यासाठी फोटो कसे घ्यावेत?

रेषाघर

नमस्कार मंडळी. मी बारामतीजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. निसर्गदृश्ये आणि व्यक्तिचित्रे बरीच वर्षे करीत आले आहे, पण वन्यप्राण्यांकडे वळून जेमतेम वर्ष झाले. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य आमच्याकडून फार लांब नाही, म्हणून सुरुवात काळविटापासून करायची असे ठरवले. जानेवारीत आणि पुन्हा मार्चमध्ये अशा दोन फेऱ्या झाल्या. भाच्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स एवढ्या सामग्रीवर साडेतीनशेच्या वर फोटो जमले. त्यातला एक घरात सगळ्यांना इतका आवडला की तो फ्रेम करून बैठकीत लावलासुद्धा.

अडचण पुढेच आली. तोच फोटो आणि सोबत आणखी काही समोर ठेवून हाफ इम्पिरियल (साधारण १५ बाय २२ इंच) कागदावर जलरंगात चित्र करायला घेतले. मापे नीट घेतली, शिंगांचे पीळ मोजून काढले, तरी प्राणी जिवंत वाटेना. धाकट्या भावाने चित्र पाहिले आणि "ताई, यात भुसा भरला आहेस का?" असे विचारले. राग आला, पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. फोटोत पोटाचा पांढरा भाग कोऱ्या कागदासारखा दिसतो, पाठ म्हणजे एक सलग काळा डाग आहे आणि पाय गवतात गडप झालेले असल्यामुळे ते मी मनाने रंगवले.

चित्रासाठी म्हणून फोटो घ्यायचे असतील तर ते वेगळ्या पद्धतीने घ्यावेत का? मोठी लेन्स घेतल्याशिवाय हे होणारच नाही का? आणि जे मला मिळाले नाही, उदाहरणार्थ पायांचे तपशील, ते इतरांच्या फोटोंवरून घेतले तर चालेल का?

माळावरचा

ताई, तुमच्या प्रश्नात निम्मे उत्तर आलेले आहे. भिंतीवर लावायचा फोटो आणि चित्राच्या कामाचा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण सगळे माळावर गेलो की पहिल्याच्याच मागे लागतो. सूर्य मावळतीला, काळवीट मान उंचावून उभा, मागे सोनेरी गवत, असा फोटो पाहायला छान वाटतो, पण त्यात प्राण्याच्या अंगाची अर्धी माहिती सावलीने गिळलेली असते.

काळवीट हा कॅमेऱ्याला फसवणारा प्राणी आहे. वर काळाभोर, खाली पांढराशुभ्र, डोळ्याभोवती पांढरे कडे. कॅमेरा काळ्या अंगावरून उजेडाची मोजणी करतो, उजेड वाढवतो आणि पोटाचा पांढरा भाग पार उडवून टाकतो. तुमच्या फोटोत बहुधा हेच झाले आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमीजास्त करण्याची सोय) उणे ०.७ किंवा उणे १ वर ठेवून पाहा आणि फोटो नेहमीच्या जेपेगऐवजी रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती राखणाऱ्या) स्वरूपात घ्या. रॉ फाइलमध्ये काळ्या भागातले केस, खांद्याची घडी, बरगड्यांचा उठाव हे नंतर बरेच वर काढता येते, पण उडालेला पांढरा रंग कशानेही परत येत नाही. आभाळ पातळ ढगांनी झाकलेला दिवस मिळाला तर तो सोडू नका. त्या दिवशीचे फोटो मिळमिळीत दिसतील आणि घरात कोणाला आवडणार नाहीत, पण चित्रासाठी तेच उपयोगी पडतील.

लेन्सबद्दल सांगायचे तर ३०० मिलिमीटर पुरते. ४०० किंवा ६०० असेल तर सोय होते, एवढेच. माझा अनुभव असा की लेन्स जितकी मोठी, तितका माणूस चेहऱ्याच्या मागे धावतो आणि उरलेला प्राणी चौकटीबाहेर राहतो. तुम्ही मुद्दाम पूर्ण प्राणी घ्या, पायांसकट घ्या आणि त्यासाठी गवत विरळ असलेली जागा शोधा. हद्द राखणारा नर ठरावीक ठिकाणी लेंड्या टाकतो आणि तिथे पुन्हा पुन्हा येतो. लेंड्यांचा असा ढीग पायवाटेवरून दिसत असेल तर दूर एका जागी निवांत बसून राहावे. तासाभरात तोच नर समोरून, बाजूने, पाठमोरा, खाली वाकलेला असा सगळ्या बाजूंनी दिसतो. एकाच प्राण्याचे एकाच उजेडातले असे पंधरा फोटो साडेतीनशे सुट्या फोटोंपेक्षा मोलाचे आहेत.

उन्हाळ्यात ऊन चढल्यावर माळावरची हवा थरथरू लागते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. त्यामुळे सकाळी लवकर जा. चालणाऱ्या कळपासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद आणि उड्यांसाठी १/२००० सेकंद ठेवा. उड्या पाहण्यासाठी कळप पळवायचा मात्र नाही. हे तुम्हाला सांगायची गरज नाही हे जाणतो, पण कळपाच्या मागे गाडी घालणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत, म्हणून लिहितो. चरणाऱ्या माद्यांनी एकाच वेळी माना वर करून तुमच्याकडे पाहिले तर तुम्ही जास्त जवळ आला आहात, तिथेच थांबावे. गवतात एकटे पाडस दबून बसलेले दिसले तर ते टाकून दिलेले नसते. आई जवळपास असते आणि आपण तिथे रेंगाळलो तर ती परत यायला धजत नाही. फोटो न घेता निघून यावे. अभयारण्यातील छायाचित्रणासाठी वनविभागाची परवानगी लागते, ती प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या.

कोळसा आणि कागद

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. तरीही भुशाचा दोष एकट्या कॅमेऱ्याचा नाही असे मला वाटते. मी गेली अनेक वर्षे शालेय पुस्तकांसाठी प्राण्यांची रेखाटने करतो आणि अगदी हाच शेरा मीही ऐकलेला आहे.

दुरून लांब लेन्सने घेतलेल्या फोटोत प्राणी चपटा होतो. अलीकडचा पाय आणि पलीकडचा पाय जवळजवळ एकाच मापाचे दिसतात, मागचे झुडूप पाठीला चिकटल्यासारखे वाटते. तुम्ही मापे बरोबर घेतलीत म्हणजे तो चपटेपणाही इमानदारीने उतरवलात. चित्रात खोली आपण आणावी लागते, पलीकडचे पाय किंचित फिके, कडा किंचित सैल, आणि खांदा पुढे येतो तिथे रेघ ठाम.

दुसरे म्हणजे सांधे. तुम्ही पाय "मनाने" रंगवले असे लिहिले आहे. बहुतेकांच्या मनात माणसाचा पाय असतो. काळविटाच्या मागच्या पायात मध्यावर जो कोन मागे वळलेला दिसतो, त्याला आपण गुडघा समजतो, पण ती त्याची टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला, कातडीखाली लपलेला असतो. पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो ते त्याचे मनगट. हा प्राणी बोटांच्या टोकांवर, म्हणजे खुरांवर उभा आहे. हे एकदा हाताला समजले की पाय गवतात बुडालेले असले तरी ते कुठे असतील हे तुम्हाला काढता येते.

"हाताला" हा शब्द मी जाणून वापरला आहे. बारामतीकडे शेळ्यांना तोटा नाही. शेळी आणि काळवीट एकाच कुळातले, दोघांची पायांची ठेवण एकाच पद्धतीची, फक्त काळवीट अधिक सडपातळ. ओळखीच्या घरची एखादी गरीब शेळी धरून तिच्या मागच्या पायावरून खुरापासून वरपर्यंत हात फिरवा, टाचेचे हाड बोटाला लागेल, त्यामागची शीर ताणलेली लागेल. मग तिच्या डोळ्यात पाहा. बाहुली आडवी, फटीसारखी दिसेल. काळविटाचीही आडवीच असते. गोल बाहुली आणि त्यात पांढरा ठिपका अशा सवयीने डोळा काढला की प्राण्याचा चेहरा माणसाळतो. याच्या उलट चूक वाघाच्या चित्रात होते. घरातल्या मांजरीची उभी बाहुली वाघाला दिली जाते, प्रत्यक्षात वाघाची बाहुली गोल असते.

शिंगांबाबतही एक सांगावेसे वाटते. पीळ मोजलेत हे उत्तम केले, पण शिंगावरची वलये टोकापर्यंत सारखी नसतात, टोक गुळगुळीत असते. शिंगे कवटीतून एकमेकांपासून दूर झुकत वर जातात. फोटो बाजूने घेतला असेल तर दोन्ही एकमेकांवर येतात आणि हा झुकाव हरवतो, म्हणून समोरून घेतलेला एक फोटो जवळ असू द्या. ही शिंगे गळून पडत नाहीत. चितळ-सांबराची दरवर्षी गळतात आणि त्यांना फाटे असतात. शाळेत मुलांकडून चित्रे करून घेताना ही गल्लत फार दिसते. शिवाय नराचा काळा रंग वयाबरोबर चढतो आणि ऋतूप्रमाणेही कमीजास्त होतो, त्यामुळे जानेवारीच्या फोटोतले डोके आणि मार्चच्या फोटोतले धड जोडताना दोन वेगवेगळे नर एकाच चामड्यात शिवले जाण्याची शक्यता असते. तुमच्या चित्रात असे काही झाले आहे का?

थोडे विषयांतर करतो, पण ते इथे शोभेल. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळालेला एक गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला पोहोचला. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कोणीतरी पाठवलेले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन एवढ्यावर त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. त्यात गेंड्याच्या कातडीला चिलखतासारखी पत्रे आहेत आणि खांद्यावर एक जादा छोटे शिंगही आहे. इतका मोठा चित्रकार, पण जे पाहिले नाही तिथे त्याचाही हात कल्पनेकडे वळला. गंमत अशी की ते चित्र भुसा भरल्यासारखे मुळीच वाटत नाही! म्हणजे चूक आणि निर्जीवपणा या वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून माझा आग्रह असा की पुढच्या फेरीत पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवा. दुर्बीण आणि पेन्सिल घ्या, दहा-दहा सेकंदांची रेखाटने करा. ती वाईट येतील, पण मान कुठून सुटते आणि वजन कोणत्या पायावर आहे ते त्यांत सापडेल.

माळावरचा

रेखाटनांबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. नवख्या माणसाला माळावर दुर्बीण, वही आणि पेन्सिल एकदम सांभाळणे कठीण जाते, आणि ज्या अर्ध्या तासात उजेड सर्वांत चांगला असतो तोच हातचा जातो. आधी फोटो, मग ऊन चढल्यावर रेखाटने, असा क्रम मला व्यवहार्य वाटतो. हवा थरथरत असताना कॅमेऱ्याचा तसाही उपयोग नसतो.

कोळसा आणि कागद

क्रम मान्य आहे. फक्त ऊन चढल्यावर कोणी घरी पळू नये.

सहज एक वाचक

इतका खटाटोप कशासाठी? इंटरनेटवर काळविटाचे हजारो सुंदर फोटो आहेत. त्यातला एक निवडा, चित्र करा. आपण फोटो विकत नाही, चित्र करतो. चित्र आपल्या हातचे असते.

दस्तऐवज

वरील मत अनेकांचे असते, म्हणून सविस्तर लिहितो. मूळ प्रश्नातही ही शंका आहेच.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि तिची कोणत्याही स्वरूपात प्रतिकृती करण्याचा हक्क तिच्या मालकाचा आहे. माध्यम बदलले, फोटोचे जलरंग झाले, एवढ्याने तो हक्क संपत नाही. फोटोतील मांडणी, प्राण्याची ढब, उजेड, पार्श्वभूमी सगळे जसेच्या तसे उतरवले तर ती त्या फोटोची नक्कलच ठरू शकते. घरी सरावासाठी, स्वतःच्या अभ्यासासाठी असे चित्र करणे वेगळे, कारण खासगी वापर आणि अभ्यास यांना कायद्यात सवलत आहे. प्रदर्शनात मांडले, विकले, कॅलेंडरवर छापले की प्रश्न सुरू होतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, तेव्हा "जुना फोटो आहे" ही सबबही सहसा लागू पडत नाही.

पण काळविटाची टाच कुठे असते, शिंगाचे टोक गुळगुळीत असते, ही माहिती कोणाच्या मालकीची नाही. दहा फोटो पाहून पायाची ठेवण समजून घेतली आणि स्वतःच्या फोटोवरून, स्वतःच्या मांडणीत चित्र केले तर त्यात गैर काही नाही. रेषाघर ताईंनी विचारलेली गोष्ट या प्रकारात बसते असे मला वाटते. एखादा विशिष्ट फोटोच वापरायचा असेल तर छायाचित्रकाराला लिहून परवानगी मागावी, मिळालेले उत्तर जपून ठेवावे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील, म्हणजे मालकाने काही अटींवर वापराची मोकळीक आधीच दिलेले, फोटोही पुष्कळ मिळतात, मात्र परवाना वाचल्याशिवाय वापरू नयेत. काहींत श्रेय दिले की पुरते, काहींत व्यावसायिक वापराला मनाई असते आणि काहींत फोटोत बदल करून नवी कृती प्रसृत करण्यालाच मनाई असते. या शेवटच्या प्रकारावरून केलेले चित्र प्रदर्शनात मांडता येणार नाही.

रेषाघर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण आधी करून पाहावे असे वाटले.

कोळसा आणि कागद सर, तुमचा अंदाज खरा निघाला. डोके जानेवारीच्या नराचे होते आणि धड मार्चच्या. त्याहून वाईट म्हणजे डोक्यावर उजेड डावीकडून होता आणि अंगावर उजवीकडून, आणि हे चित्र करताना मला एकदाही जाणवले नाही. शेजारच्या आजींची शेळी मिळाली. "बाई, दूध काढायचं का फोटो काढायचा?" असे त्यांनी विचारले. मी टाच शोधते आहे म्हटल्यावर त्यांनी शेळी स्वतः धरून ठेवली आणि तिचा पाय दुमडून दाखवला. पाय दुमडताना टाच आणि गुडघा एकदमच वाकतात, एकटा सांधा वाकत नाही, हे मी चाळीस वर्षे शेळ्या पाहूनही पाहिले नव्हते. मागच्या टाचेवर केसांचा एक छोटा भोवरा आहे, तोही वहीत टिपून ठेवला.

मागच्या रविवारी पुन्हा रेहेकुरीला जाऊन आले. आभाळ भरलेले होते. उणे ०.७ वर घेतलेल्या फोटोंत पोटाच्या पांढऱ्या रंगात पहिल्यांदाच निळसर सावली दिसली आणि गवताचा पिवळा उजेड खालून पोटावर पडतो तेही दिसले. जलरंगात तो भाग मी आजवर कोराच सोडत होते. ऊन चढले नाही, त्यामुळे माळावरचा यांच्या क्रमाने रेखाटनांची वेळ येईना, शेवटी कॅमेरा बाजूला ठेवून अकरा रेखाटने केली. त्यातल्या नऊ रेखाटनांत काळवीट ओळखू येत नाही. दोन मात्र अशी आहेत की त्यात फक्त मानेची आणि पाठीची एक रेघ आहे, आणि भावाने ती पाहून भुशाबद्दल काही विचारले नाही.

आता नवे चित्र या दोन रेघांवरून सुरू केले आहे आणि फोटो फक्त तपशिलासाठी बाजूला ठेवले आहेत. एक अडचण उरली आहे. काळ्या पाठीसाठी ट्यूबमधला काळा रंग लावला की तो भाग पुन्हा मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून पाहिले, पण वाळल्यावर फिके पडते. कोणी दोन-तीन थरांत हे केले असेल तर पहिला थर कोणत्या रंगाचा घेता ते कृपया कळवावे.