व्हिक्टोरियन इंग्लंडचे जपानवेड: कलेची कदर की पैसे मोजून केलेली करमणूक?

जुनी पाने:
लंडनच्या नाइट्सब्रिज भागात जानेवारी १८८५ मध्ये एका मोठ्या सभागृहात ‘जपानी खेडे’ उभारण्यात आले. जपानहून आणलेले सुमारे शंभर स्त्री-पुरुष तेथे आपापल्या कारागिरीत मग्न दिसत आणि लंडनकर तिकीट काढून त्यांना न्याहाळत. त्याच वर्षी १४ मार्चला सॅव्हॉय नाट्यगृहात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ‘द मिकाडो’ (म्हणजे जपानचा सम्राट) ही जपानात घडणारी संगीतिका आली आणि तिचे ६७२ प्रयोग झाले. माणसांना देखाव्यासारखे मांडणाऱ्या या वेडाला कलाप्रेम म्हणणे मला मान्य नाही.

टीपकागद:
आपण सर्वांत भडक उदाहरण निवडून साऱ्या कालखंडाचा निवाडा करीत आहात. १८६२ च्या लंडन प्रदर्शनात ब्रिटिश मुत्सद्दी रदरफर्ड अल्कॉक यांनी जमवलेल्या जपानी वस्तू पाहून अनेक कलावंतांची दृष्टी बदलली. ब्रिटिश आरेखनकार ख्रिस्तोफर ड्रेसर यांनी तर १८७६-७७ मध्ये जपानभर फिरून कारखाने आणि मंदिरे प्रत्यक्ष पाहिली आणि १८८२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. शिवाय जपान येथे मुका नव्हता. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनानंतर तेथील सरकारच्या पाठबळाने कलावस्तूंच्या निर्यातीसाठी कंपनी निघाली आणि योकोहामाचे कुंभार युरोपीय दिवाणखान्यांना रुचतील अशी भांडी घडवू लागले. गिऱ्हाइकाची आवड ओळखून माल विकणाऱ्याला बळी कसे म्हणायचे?

जुनी पाने:
विकणारा कोणत्या अटींवर विकत होता, हेही पाहावे लागेल. पाश्चात्य राष्ट्रांशी झालेल्या १८५८ च्या करारांमुळे जपानला आयात मालावरील जकात स्वतःच्या मर्जीने ठरवता येत नव्हती आणि तेथील ब्रिटिशांवर जपानी न्यायालयांत खटलाही चालत नव्हता. ही दुसरी सवलत संपायला १८९९ साल उजाडले. अशा स्थितीत परकीय चलनासाठी केलेल्या निर्यातीला बरोबरीची देवघेव म्हणता येत नाही. ड्रेसर यांच्याविषयी मात्र माझा वाद नाही.

तिसरी घंटा:
‘मिकाडो’विषयी थोडे. एकच गृहस्थ राज्यातील जवळपास सारी पदे अडवून बसतो, ही थट्टा इंग्लंडच्याच कारभाराची आहे. जपान हा केवळ पोशाख. आपण पाहतो तो जपान खरा नाही, याची जाणीव तेव्हाही होती, कारण ऑस्कर वाइल्ड यांनी १८८९ मध्ये असला जपान निव्वळ कपोलकल्पित असल्याचे लिहून ठेवले आहे.

जुनी पाने:
पोशाख दुसऱ्याचा आणि हसे त्याच्या नावावर, हाच तर माझा आक्षेप आहे. १९०७ मध्ये राजपुत्र फुशिमी इंग्लंडला आले, तेव्हा लॉर्ड चेंबरलेन (नाटकांना परवानगी देणारे दरबारी अधिकारी) यांनी या नाटकावर तात्पुरती बंदी घातली. बावीस वर्षे कुणाला न खटकलेली गोष्ट जपानने रशियाचा पराभव केल्यावर खटकू लागली, हा योगायोग नव्हे.

तिसरी घंटा:
बंदी घालणारे इंग्रज होते, एवढे विसरू नये. त्याच सुमारास शेफील्डला प्रयोग पाहिलेल्या एका जपानी पत्रकाराला त्यात आपल्या देशाचा अपमान मुळीच आढळला नव्हता.