मदत हवी आहे: भित्तिपत्रकावरून लेख उतरवला, नियम कुठे मागायचा?

माझी भाची पेडण्याची, अनुदानित कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. भित्तिपत्रकात तिने आजीबद्दल लिहिलं: दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे (गोवा सरकारचं दरमहा अर्थसहाय्य) पैसे अडकलेत, हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारीच्या तीन खेपा झाल्या. दुपारपर्यंत कागद गायब, बोर्डावर नुसत्या चार टाचण्या. 'राजकीय' आहे म्हणे! घटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर बंधन घालायला सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी वगैरे कारणं आहेत, 'सरांना आवडलं नाही' हे कुठेच नाही. पण तोंडी नकाराशी भांडणार कसं? माहिती अधिकारात भित्तिपत्रकाची लेखी नियमावली मागावी म्हणतो. अनुदानित कॉलेजात असा अर्ज कुणी केलाय का? ३० दिवसांत उत्तर आलं? मराठीतला नमुना असेल तर टाका. तिच्या आईला इंटर्नल मार्कांची धास्ती आहे, तेव्हा अर्ज माझ्या नावाने केला तर चालेल ना?